सावेडीत जेवायला जाताय? ४.५ स्टार बघितलेत, आता बिलावरचे १४ आकडेही बघा

पुण्याहून शिर्डीला निघालेल्या गाडीत नगर जवळ आलं की कुणीतरी मोबाईल काढतं आणि 'जवळचं चांगलं हॉटेल' शोधायला लागतं. मनमाड रोडवरून पुढे जायचं असेल तर उत्तरांत सावेडी येतंच. प्रोफेसर कॉलनी चौक, गुलमोहर रोड, पाईपलाईन रोड... अहिल्यानगरचा हा सुखवस्तू भाग. फॅमिली रेस्टॉरंट, कॅफे, पिझ्झा, सगळं हाताशी. मग ज्याला ४.५ स्टार, तिथं गाडी वळते.

पण या स्टारमधून नेमकं काय कळतं? बसायची जागा, सर्व्हिस, चव आणि फोटो कसे येतात ते. तुमच्या ताटातलं पनीर दुधाचं आहे का, हे रिव्ह्यू लिहिणाऱ्यालाही माहीत नसतं. आणि नगरमध्ये हा प्रश्न आधीच गाजून गेलाय.

नगरमध्ये काय झालं होतं?

२०२३ च्या शेवटी अन्न व औषध प्रशासनाने, म्हणजे एफडीएने, तेव्हाच्या अहमदनगरमधल्या मॅकडोनाल्ड्सच्या एका शाखेचा परवाना निलंबित केला. आक्षेप असा होता की, काही पदार्थांत चीजऐवजी 'चीज ॲनालॉग' वापरलं जातं आणि ग्राहकाला तसं सांगितलं जात नाही. कंपनीने काही पदार्थांच्या नावातून 'चीज' शब्द काढला आणि निलंबन मागे घेतलं गेलं.

फेब्रुवारी २०२४ मध्ये ही बातमी देशभर पोचली. पश्चिम आणि दक्षिण भारतात ही साखळी चालवणाऱ्या वेस्टलाईफ फूडवर्ल्डने आरोप फेटाळले. आपण खरंच चीज वापरतो आणि केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणानेही (एफएसएसएआय) ते मान्य केलंय, असं कंपनीने नंतर सांगितलं.

बरोबर कोण, हा वाद बाजूला ठेवू. सगळं प्रकरण फिरलं ते मेनूवरच्या एका शब्दाभोवती. मेनूवर जे नाव, तेच ताटात हवं.

मग पनीरचं काय?

मार्च २०२५ मध्ये याच जिल्ह्यातले श्रीगोंद्याचे आमदार विक्रम पाचपुते यांनी कृत्रिम पनीर थेट विधानसभेत आणून दाखवलं.

ॲनालॉग म्हणजे काय? यात दुधातल्या फॅटऐवजी पाम तेलासारखं वनस्पती तेल वापरतात. दिसायला पनीरसारखंच, पण बरंच स्वस्त. असं ॲनालॉग बनवणं-विकणं बेकायदेशीर नाही. ते 'पनीर' म्हणून विकणं मात्र चुकीचं आहे.

अहिल्यानगर हा राज्यातल्या आघाडीच्या दूध उत्पादक जिल्ह्यांपैकी एक. इथं तेलाचं पनीर दुधाच्या भावात खपलं तर दोघं फसतात. एक, बिल भरणारा. दुसरा, ज्याच्या दुधाला त्यामुळे गिऱ्हाईक कमी होतं तो शेतकरी.

आयोडीन टाकून बघावं का?

रील्समध्ये ही टेस्ट जोरात आहे. आयोडीनचे थेंब टाकले, पनीर काळं-निळं झालं की 'नकली' म्हणायचं. पण आयोडीन फक्त स्टार्च ओळखतं. म्हणजे ग्रेव्हीतल्या कॉर्नफ्लोअरनेही रंग बदलतो, आणि पाम तेलाचं पनीर स्टार्च नसेल तर पास होतं. एप्रिल २०२५ मध्ये मुंबईतल्या एका नामांकित रेस्टॉरंटमधला असा व्हिडिओ व्हायरल झाला, तेव्हा रेस्टॉरंटनेही स्टार्चचंच स्पष्टीकरण दिलं होतं. खरं उत्तर लॅबमध्ये मिळतं, टेबलावर नाही.

मग टेबलावर काय करता येईल?

१. रिव्ह्यू नव्यापासून वाचा. उद्घाटनाच्या आठवड्यातले ५० स्टार आणि गेल्या महिन्यातल्या ५ तक्रारी असतील तर तक्रारी जास्त कामाच्या. एकाच दिवशी, एकाच साच्यातलं कौतुक दिसलं की सावध व्हा. हॉटेलने टाकलेले फोटो सोडा, ग्राहकांनी टाकलेले बघा.

२. काउंटरजवळ एफएसएसएआयचा १४ आकडी नंबर शोधा. तो १ ने सुरू झाला तर परवाना, २ ने सुरू झाला तर छोट्या व्यावसायिकाची नोंदणी. चौथा-पाचवा आकडा म्हणजे नोंदणीचं वर्ष. '२०' असेल तर २०२०. 'फूड सेफ्टी कनेक्ट' ॲपवर नंबर टाकला की तो कुणाच्या नावावर आहे ते कळतं. बिलावरही हा नंबर छापणं बंधनकारक आहे.

३. सरळ विचारा, "पनीर दुधाचं आहे की ॲनालॉग? कुठून येतं?" ज्याचं नीट आहे तो डेअरीचं नाव पटकन सांगतो. टाळाटाळ झाली तर पिठलं-भाकरी मागवा, नगरात ती वाईट मिळत नाही.

४. बिल वाचा. सर्व्हिस चार्ज सक्तीचा नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये तसं सांगितलं आणि २८ मार्च २०२५ ला दिल्ली उच्च न्यायालयाने ते योग्य ठरवलं. साध्या रेस्टॉरंटमध्ये जीएसटी ५ टक्के. बिलावर 'कंपोझिशन' लिहिलं असेल तर वेगळा जीएसटी लावताच येत नाही.

तक्रार कुठं करायची?

खाण्यात भेसळ किंवा अस्वच्छता असेल तर एफडीएचा टोल फ्री नंबर १८००-२२२-३६५. बिलाचा वाद असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन १९१५. दोन्हीकडे बिल उपयोगी पडतं, म्हणून ते फेकू नका.

आणि एक. ज्या खानावळीला मॅपवर १२ च रिव्ह्यू आहेत ती वाईट असेलच असं नाही. तिच्या मालकाकडे रिव्ह्यू गोळा करायला वेळ किंवा माणूस नसेल. तिथंही नियम तोच. भिंतीवरचा नंबर बघा, दोन प्रश्न विचारा. आणि जेवण आवडलं तर चार ओळी लिहा, त्यात पनीरबद्दल काय उत्तर मिळालं तेही लिहा. पुढं येणाऱ्याला नुसत्या स्टारपेक्षा त्याचा जास्त उपयोग होईल.