ओळखीचा दिवा आणि मेंढी

बालमित्रांनो, पाव्हलॉव्हच्या कुत्र्याची गोष्ट तुम्हांला ठाऊक असेलच. जेवणाआधी रोज ठरावीक आवाज ऐकवला, की काही दिवसांनी नुसत्या आवाजानंच कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटतं. पण समजा, तोच आवाज त्यानं आधी महिनाभर ऐकलाय आणि खायला मात्र कधीच काही मिळालेलं नाही. मग तो हा धडा लवकर शिकेल की उशिरा? पुढे वाचण्याआधी उत्तर ठरवा पाहू!

“आवाज ओळखीचा, म्हणजे लवकर शिकेल,” असंच म्हणालात ना? होतं नेमकं उलटं.

१९५९ साली अमेरिकेत लुबो आणि मूर या शास्त्रज्ञांनी हे चक्क मेंढ्या-शेळ्यांवर करून पाहिलं. खुणा दोन : लुकलुकणारा दिवा आणि फिरणारं चक्र. त्यांतली एक खूण जनावराला आधी बऱ्याचदा नुसतीच दाखवली. पुढे काहीच घडलं नाही. नंतर मात्र खूण दिसली, की पायाला विजेचा हलका झटका! (बिचारी मेंढी!) नवी खूण दिसताच पाय उचलायला जनावरं लवकर शिकली. आधी पाहिलेल्या खुणेला जास्त वेळ लागला. ‘ह्याच्यानं काही होत नाही’ हेही ती आधी शिकूनच बसली होती की! या प्रकाराला म्हणतात ‘सुप्त निरोध’.

उंदरांचंही तसंच. नव्या चवीचं पाणी प्यायल्यावर पोट बिघडलं, तर उंदीर पुन्हा त्या चवीच्या वाटेला जात नाही. चव जुनी, ओळखीची असेल, तर तो तिच्यावर एवढा रुसत नाही.

आता आईबाबांनाही इकडे बोलवा. दाताच्या डॉक्टरांची भीती कुणाला बसते, हे इंग्लंडच्या ग्रॅहम डेव्ही यांनी तपासलं. त्यांचा लेख १९८९चा. दवाखान्यात खूप दुखूनही न घाबरणाऱ्यांच्या गाठीशी बहुधा आधीच्या न दुखलेल्या फेऱ्या जास्त होत्या. आपल्याकडे मात्र दाढ ठणकायला लागली, की मगच पहिली फेरी! मग ती खुर्ची, तो दिवा, तो औषधाचा वास आणि ती कळ, सगळं एकदमच मनात बसतं.

घरात धाकटं भावंडं आहे? मग दात दुखत नसतानाच त्याला एकदा घेऊन जा. खुर्ची वर-खाली होते ती गंमत बघू दे, ‘आ’ करून दात मोजून घेऊ दे, आणि या घरी.