फटफटीची जन्मपत्रिका

दिवाळीच्या सुट्टीत मराठीच्या प्राध्यापकाकडे लोक येतात ते स्मरणिकेतले शुद्धलेखन तपासून घ्यायला. यंदा मात्र दोन माजी विद्यार्थी आले ते फटफट करीत. एक सातारचा, एक सांगलीचा. जुन्या मोटरसायकलींची माळावरची शर्यत, जिला मोटोक्रॉस म्हणतात, ती भरवण्याचा त्यांचा बेत होता. "सर, नियम तेवढे चांगल्या मराठीत करून द्या," म्हणाले. चकलीचा तुकडा मोडतो न मोडतो तोच पहिल्या नियमावर दोघांची जुंपली. जुनी गाडी म्हणायची ती कोणत्या सालापर्यंतची?

सातारकराकडे १९६८ ची जावा. तो म्हणाला, "सरकारनंच २०२१ साली ठरवलंय. पन्नास वर्षं उलटलेली गाडी ती व्हिंटेज."

सांगलीकराची येझदी १९८८ ची, भंगारातून आणून स्वतःच्या हाताने उभी केलेली. "म्हणजे मी २०३८ पर्यंत थांबायचं? तोवर माझे गुडघे व्हिंटेज होतील!"

आता खरे पाहता सरकारचा तो नियम गाडीच्या नोंदणीचा, शर्यतीचा नव्हे. अमेरिकेत जुन्या मोटोक्रॉसची रेघ साधारण १९७४ वर ओढतात, पण तिला कारण आहे. त्या सुमारास गाड्यांचे शॉकअप लांब झाले, चाक पूर्वीपेक्षा कितीतरी अधिक वरखाली खेळू लागले. अशा गाडीपुढे जुनी गाडी खड्ड्यात आपटतच राहणार. म्हणजे साल ही नुसती खूण. खरी सीमा घडणीची. म्हणूनच रेघेनंतर जन्मलेली, पण जुन्याच घडणीची गाडी तिथेही चालवून घेतात.

आपल्याकडे तर साल अगदीच फसवे. म्हैसूरच्या कारखान्यात १९६१ पासून जावा आणि पुढे येझदी निघाली, ती १९९६ पर्यंत. मागे दोन शॉकअप, ड्रम ब्रेक, आणि किक मारायची तोच दांडा गिअरचा! या दोघी सख्ख्या बहिणी. जन्मसालावरून एकीला मांडवात घ्यायचे आणि दुसरीला दारात उभे करायचे, हा कुठला न्याय?

आम्ही वर्गात सांगतो, अर्वाचीन मराठी वाङ्मय १८१८ पासून. पण शाहीर प्रभाकर १८४३ पर्यंत हयात होते. पेशवाई बुडाली म्हणून त्यांना कोणी डफ खाली ठेवायला सांगितले नाही.

"पण सर," सातारकर हळूच म्हणाला, "जुन्या टाकीखाली कोणी नवे शॉकअप घातले तर? माझ्या जावाचे सुटे भाग मिळता मिळत नाहीत. त्या सोंगाशी झुंजताना मोडली, तर कुठं जाऊ?"

त्याचे भय खोटे नव्हते. मी कागद ओढला आणि लिहिले: 'गाडीचे साल विचारू नये, घडण पाहावी. मागे दोन शॉकअप व दोन्ही चाकांना ड्रम ब्रेक असावेत. चाकाचा खेळ मूळ गाडीइतकाच असावा. पन्नाशी उलटलेल्या गाड्यांची फेरी वेगळी काढावी. तरण्यांशी झुंजण्याची सक्ती त्यांच्यावर नसावी.'

दोघांनी वाचले. सांगलीकराने लाडू उचलला, सातारकराने कागद घडी करून खिशात घातला.

ते गेल्यावर मी परसात गेलो. तिथे वडिलांची १९८४ ची येझदी गोणपाटाखाली उभी आहे. गोणपाट बाजूला करून मी मागचे शॉकअप मोजले. दोन होते.

"आता हे काय नवीन?" स्वयंपाकघरातून प्रश्न आला.

"नवीन नाही," मी म्हणालो, "जुनंच आहे. नियमात बसतं का, ते बघतोय."