चालविण्यापूर्वीं थांबविणें

हातानें करावयाचें काम यंत्राकडे सोंपविलें कीं मनुष्य आळसावतो, असा समज आपल्या सुशिक्षित कुटुंबांतून अद्यापि बराच रूढ आहे. पाटा-वरवंटा जाऊन विजेचा मिक्सर आला तेव्हां हाच आक्षेप घरोघरीं निघाला होता. त्यांत तथ्य किती, हें प्रत्येक यंत्राच्या बाबतींत वेगळें तपासावें लागतें. ह्या महिन्यांत आम्हीं त्यासाठीं जें यंत्र निवडलें आहे, तें आमच्या बहुतेक वाचकांच्या घरीं नसेल. परंतु ज्यांच्या घरीं तें आहे त्यांस त्याचें वेड असतें. आणि ज्यांच्या घरीं नाहीं त्यांसही ह्यांतील मुख्य मुद्दा उपयोगी पडेल, अशी आमची खात्री आहे.

हें यंत्र म्हणजे लहान मिलिंग मशीन. लेथवर धातूचा तुकडा फिरतो आणि हत्यार त्यास कापतें. मिलिंग मशीनवर ह्याच्या उलट प्रकार असतो. येथें अनेक दांतांचा कटर गरगर फिरत असतो आणि टेबलावर घट्ट आवळलेला तुकडा त्याच्याखालून हळूहळू सरकवावा लागतो. टेबलाच्या पोटांत आट्यांचा एक लांब दंड असतो. त्यास लीडस्क्रू म्हणतात. दंडाच्या टोकास हातचाक असतें. चाक फिरविलें कीं टेबल सरकतें. ह्या सरकविण्यास कारखान्यांत ‘फीड’ असें म्हणतात. मोठ्या यंत्रांत हा फीड यंत्रच देतें; घरगुती लहान यंत्रांत मात्र तो पुष्कळदां हातानेंच द्यावा लागतो.

आमचे एक स्नेही एका कारखान्याच्या टूलरूममध्यें तीस वर्षें काम करून निवृत्त झाले. घराच्या मागील पडवींत त्यांनीं असें एक यंत्र मांडलें आहे. कोणाच्या शिवणयंत्राचा मोडलेला तुकडा, कोणाच्या पंपाचा झिजलेला भाग, असें काम शेजारपाजारचे लोक त्यांच्याकडे आणतात आणि ते तें आनंदानें करून देतात. गेल्या दोन वर्षांत त्यांचें उजवें मनगट दुखूं लागलें. डॉक्टरांनीं तोच तोच फेरा घेण्याची मनाई केली, तेव्हां यंत्र विकून टाकावें असा विचार घरांत सुरू झाला. ज्या गृहस्थाचा दिवस त्या पडवींत जातो, त्याच्या दृष्टीनें हा विचार लहानसहान नव्हता.

मनगट कां दुखलें, तें साध्या त्रैराशिकानें कळतें. त्यांच्या यंत्राच्या दंडाचे आटे दोन मिलिमीटरांचे आहेत; म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यांत टेबल दोन मिलिमीटर सरकतें. २४० मिलिमीटर लांबीची एक कापणी करावयाची तर १२० फेरे, आणि टेबल मूळ जागीं आणावयास आणखी १२०. एका तुकड्यावर अशा दहा कापण्या घेतल्या तर २४०० फेरे झाले! शिवाय हाताचा फेरा एकसारखा पडत नाहीं. मूठ बदलतांना हात क्षणभर थांबतो. त्या क्षणीं कटर कापण्याचें सोडून नुसता घासतो, आणि पृष्ठभागावर त्याची रेघ उमटते. स्टेनलेस पोलादासारखा धातु तर अशा घासण्यानें जास्तच कठीण होतो आणि पुढील दांतास बोथट करतो.

तेव्हां दंडास मोटार जोडावी असें आम्हीं सुचविलें. त्यावर ते म्हणाले, “मास्तर, हाताला जें कळतें तें मोटारीला कळेल काय?”

प्रश्न रास्त होता. परंतु इतिहास पाहतां त्याचें उत्तर निराशेचें नाहीं. इ. स. १८०० च्या सुमारास लंडनमध्यें हेन्री मॉड्स्ले ह्यानें आपल्या लेथवर हत्यार लोखंडी सरकत्या बैठकींत पक्कें बसविलें, आणि ती बैठक आट्यांच्या दंडानें चालविली. त्यापूर्वीं धातूवर काम करणारा कारागीर बहुधा हत्यार हातांतच धरून बसे. ह्या सुधारणेनें कारागिरांचे हात निकामी झाले काय? उलट जोसेफ व्हिटवर्थ व जेम्स नॅस्मिथ ह्यांच्यासारखे यंत्रकलेंतील धुरंधर ह्याच मॉड्स्लेच्या कारखान्यांत तयार झाले. हात दाबून धरण्याच्या श्रमांतून मोकळा झाला, तेव्हां तो मापाकडे वळला.

असो. आतां प्रत्यक्ष कृतीकडे वळूं. प्रथम वेग ठरवावा. साध्या पोलादावर १२ मिलिमीटर व्यासाचा, चार दांतांचा हायस्पीड पोलादी कटर मिनिटास ६०० फेऱ्यांनीं फिरवावा. प्रत्येक दांतानें ०.०५ मिलिमीटर जाडीचा कीस काढावा असें धरलें, तर ६०० × ४ × ०.०५ म्हणजे मिनिटास १२० मिलिमीटर इतकें टेबल सरकलें पाहिजे. आटे दोन मिलिमीटरांचे असल्यामुळें दंडाचे फेरे मिनिटास ६० झाले. आतां मिनिटास साठांच्या आसपास फिरणारी, जोरकस आणि स्वस्त मोटार कोठें मिळेल? मोटारगाडीच्या पुढील कांचेवरील पाणी पुसणारा जो वायपर असतो, त्याची मोटार नेमकी ह्याच जातीची. ती बारा व्होल्टवर चालते, आणि तिच्या दोन वेगांत मिनिटास सुमारें चाळीस ते पासष्ट फेरे होतात. सुटे भाग विकणाऱ्यांकडे जुनी मोटार अल्प किमतींत मिळते.

वेग कमीजास्त करण्यासाठीं सेकंदास हजारों वेळां प्रवाह तोडून जोडणारा विद्युन्नियंत्रक मिळतो, तो घ्यावा. केवळ रोधक घालून वेग उतरविला तर मोटारीचा जोरही उतरतो आणि ती कामाच्या भारानें अडखळते. मोटार उलट फिरविण्यास तिच्या दोन तारांची अदलाबदल करणारा, मधें ‘बंद’ स्थिति असलेला स्विच लागतो. म्हणजे दिशा बदलण्यापूर्वीं थांबणें भागच पडतें. एक सूचना ध्यानांत ठेवावी : पुष्कळ वायपर-मोटारींत ऋण टोक मोटारीच्या धातूच्या अंगाशींच जोडलेलें असतें. दिशा बदलली कीं तें अंगच धन होतें. म्हणून अशी मोटार यंत्रावर बसवितांना मधें फायबरची फळी घालावी, आणि खिळेही यंत्राच्या लोखंडास भिडूं देऊं नयेत.

मोटारीच्या अक्षावर मळसूत्रासारखा वर्म असतो आणि तो दांतेरी चाकास फिरवितो. वर्म चाकास फिरवितो, पण चाक सहसा वर्मास फिरवूं शकत नाहीं. म्हणून मोटार दंडाशीं कायमची जोडून टाकली तर हातचाक जाम होईल आणि बारीक जुळणी करतां येणार नाहीं. ह्यासाठीं मधें दांत्यांचा क्लच असावा. आमच्या स्नेह्यांनीं दोन समान पुलींवर दांतेरी पट्टा चढवून दंडावर असा क्लच बसविला आहे. खिट्टी ओढली कीं मोटार सुटते आणि चाक हातानें पूर्ववत् फिरतें.

इतकी सिद्धता झाल्यावर त्यांनीं घरांतील मंडळींस यंत्र चालवून दाखविलें. सर्वांनीं कौतुक केलें. त्यांच्या सूनबाईंनीं मात्र शांतपणें विचारलें, “बाबा, हें चालतें कसें तें समजलें. थांबतें कसें?”

“स्विच बंद केला कीं थांबतें.”

“आणि त्या वेळीं तुम्ही स्विचाशीं नसलांत तर?”

आमच्या मतें सबंध रचनेंतील सर्वांत मोलाचा भाग हा प्रश्न होय. हातानें चाक फिरविणारा मनुष्य अडथळा लागतांच आपोआप थांबतो. मोटार तशी थांबत नाहीं. टेबल शेवटास पोहोंचलें तरी ती दंड ओढीतच राहील, आणि मग आटे, नट किंवा कटर ह्यांपैकीं कांहीं तरी मोडेल. म्हणून स्नेह्यांनीं पुढील पंधरा दिवस केवळ थांबविण्याच्या योजनेंत घालविले.

पहिली योजना दोन्ही टोकांच्या स्विचांची. टेबल हद्दीस पोहोंचतांच त्यावरील ठोकळा स्विचास दाबतो आणि प्रवाह तुटतो. परंतु मग परत कसें यावयाचें? त्यासाठीं प्रत्येक स्विचास समांतर एक डायोड जोडावा. डायोड हा विजेचा एकमार्गी दरवाजा होय. पुढें जाण्याचा प्रवाह तो अडवितो, परतीचा जाऊं देतो. मात्र तो मोटारीचा पूर्ण प्रवाह सोसणारा असावा. दुसरी योजना दुबळ्या खिळीची. पट्ट्याची पुली दंडाशीं पोलादी खिळीनें न जोडतां बारीक पितळी खिळीनें जोडावी. कोठें अडलेंच तर ती प्रथम तुटते आणि मोलाचे भाग वांचतात. बारा व्होल्टच्या मार्गांत फ्यूजही असावा.

तिसरी योजना कटराशीं बांधलेली. कटर थांबला आणि फीड चालूच राहिला तर तुकडा स्थिर कटरावर दाबला जाऊन कटर मोडतो. म्हणून कटराची मोटार बंद असतां फीडास वीज मिळूंच नये, अशी जोडणी मधें रिले घालून करावी. तसेंच वीज जाऊन परत आली असतां, बटण पुन्हां दाबल्यावांचून कांहींच सुरू होतां कामा नये. हें २३० व्होल्टचें काम जाणत्या वीजतंत्र्याकडूनच करवावें आणि यंत्रास अर्थिंग असावें.

ह्याखेरीज दोन पथ्यें. दंडाच्या आट्यांत थोडी ढिलाई असतेच. म्हणून कटराचे दांत कामाच्या चालीविरुद्ध येतील अशाच दिशेनें फीड द्यावा. एरवीं कटर टेबलास आपल्याकडे खेंचून घेतो. दुसरें, मोटार चालूं असतां हातचाकही फिरत असतें. त्याची मूठ काढून ठेवावी. त्याजवळ उपरणें, पदर, मोकळी वेणी किंवा सैल बाही येऊं देऊं नये, आणि हातमोजेही घालूं नयेत.

यंत्र विकण्याचा विचार आतां मागें पडला आहे. परंतु स्नेही आळशी झाले, असें म्हणावयास आम्हांस जागा दिसत नाहीं. चाकावर हात असतां कटर बोथट झाल्याचें हातास कळत असे. आतां तें त्यांस आवाजावरून ओळखावें लागतें आणि कीस निळसर पडूं लागला काय, हें पाहावें लागतें. दोन मिनिटांची कापणी होईतों ते तेथून हलत नाहींत. श्रम मनगटांतून निघून कानांत व डोळ्यांत गेले आहेत, इतकेंच. बारा वर्षांच्या नातवास यंत्र चालविण्याची फार हौस; पण त्याच्यासाठीं नियम ठरला आहे. आजोबांच्या देखत प्रत्येक प्रकारें यंत्र थांबवून दाखवावयाचें, मगच सुरू करावयाचें.

महाभारताच्या सौप्तिकपर्वांत अर्जुन व अश्वत्थामा ह्या दोघांनींही अस्त्र सोडलें; परंतु अर्जुनानें आपलें परत घेतलें, आणि अश्वत्थाम्यास तें साधलें नाहीं. सोडण्याची विद्या दोघांपाशींही होती. भेद पडला तो आवरण्याच्या विद्येंत. अस्त्र परत घेण्यास संस्कृतांत उपसंहार असाच शब्द आहे. शाळेंत मुलें तो निबंधाच्या शेवटीं लिहितात. यंत्राच्या बाबतींत मात्र त्याचा विचार आरंभींच झाला पाहिजे. घरांत मिक्सर येवो, विजेची दुचाकी येवो, कीं पडवींत मिलिंग मशीन येवो, ह्या सूनबाईंचा प्रश्न प्रथम विचारावा आणि उत्तर हातानें करून पाहावें. इत्यलम्.