डिझेल वाढवलं, हवेचं काय?

उसाचा सीझन जवळ आला की आमच्या नातेवाइकांत एकच विषय असतो. कुणाच्या ट्रॅक्टरचा पंप कुणी 'वाढवून' दिला आणि दोन भरल्या ट्रॉल्या घेऊन तो अहमदपूरकडचा चढ कसा गिअर न पाडता चढला! यंदा माझ्या मावसभावाच्या डोक्यात बसलंय की मोठी नोझल टाकायची. त्याने माझं मत विचारलं. फोनवर एवढं बोलणं होत नाही, म्हणून इथे लिहितोय. (अहमदपूरच्या मंडळींनी हे वाचून लगेच मावशीला फोन करू नये. तिला माहिती आहे.)

तर मंडळी, नोझल बदलायला माझा विरोध नाही. नोझल बदलून तसंच फडात जायला आहे.

आपल्या भागातल्या बहुतेक ट्रॅक्टरांना अजून जुना, यांत्रिक पंप आहे. (५० एचपीच्या वरच्या नव्या ट्रॅक्टरांना १ जानेवारी २०२३ पासून ट्रेम ४ चे नियम लागले, त्यांची गोष्ट वेगळी.) या जुन्या पद्धतीत एका फवाऱ्याला किती डिझेल जायचं ते पंप ठरवतो, नोझल नाही. नोझलची भोकं ०.२० मिमीची ०.२२ केली तर डोळ्याला फरक दिसणार नाही, पण वाट २१ टक्के रुंद होते. पंप तेवढंच डिझेल देतोय आणि वाट रुंद झाली, म्हणजे दाब पडणार. दाब पडला की धुक्यासारखा फवारा जाऊन जाड थेंब पडायला लागतात, आणि जाड थेंब पुरते जळत नाहीत. नुसत्या मोठ्या नोझलने वाढतो तो धूर.

मग मालक म्हणतो, "काही फरक पडला नाही बुवा." मेकॅनिक पंपाचं सील तोडतो आणि स्क्रू फिरवतो. किती? तर 'अर्धा आटा'. मराठवाड्यात हे मोजमापाचं अधिकृत एकक आहे :-)

आता ताकद वाढते, खोटं कशाला बोला. पण एक किलो डिझेल जळायला साधारण साडेचौदा किलो हवा लागते. डिझेल इंजिनात मिसळायला वेळच इतका थोडा असतो की धूर नको असेल तर अठरा-वीस किलोच्या खाली जाऊन चालत नाही. डिझेल वाढवलं, हवा कुठून वाढली? टर्बो नसेल तर सिलिंडर ओढेल तेवढीच हवा. आणि त्यात उसाच्या पाचटाने नि धुळीने भरलेला एअर फिल्टर. काळा धूर म्हणजे रोख पैसे देऊन घेतलेलं आणि न जळता सोडून दिलेलं डिझेल. आपल्या गावात मात्र लोक त्याला 'दम' म्हणतात.

यातली खरी मेख कुणी बोलत नाही. हे सेटिंग होतं दिवाळीनंतर, थंडीत. पंधरा अंशांच्या हवेत जेमतेम बसवलेलं गणित तोच ट्रॅक्टर मे महिन्यात नांगरटीला घेऊन जातो. बेचाळीस अंशांत हवा आठ-नऊ टक्के विरळ झालेली असते, स्क्रू तिथेच. नांगर म्हणजे दिवसभर पूर्ण लोड, उतार नाही की विसावा नाही. उशिरापर्यंत जळणारं डिझेल पिस्टनचं डोकं भाजत राहतं, आणि पिस्टन असतो ॲल्युमिनियमचा.

शेजारच्या गावात एकाचा पिस्टन तर भर सीझनमध्ये, फेब्रुवारीतच वितळला. वाहतुकीचे पैसे टनावर मिळतात, उभ्या ट्रॅक्टरचे कोण देणार? उचल मात्र अंगावर राहिली. माझ्या मावसभावाच्या ट्रॅक्टरवर बँकेचं कर्ज आहे आणि तारण मावशीच्या नावावरची जमीन आहे. म्हणून एवढं लिहितोय.

नांदेडला एक पंपवाले चाचा आहेत. त्यांना मी एकदा 'अर्धा आटा' म्हणालो, तर म्हणाले, "डीजल कितना बी छोडतूं, हवा कां से लातूं?" ते आधी प्रत्येक नोझल हाताच्या टेस्टरवर लावून फवारा बघतात. कितीच्या दाबाला उघडतंय, टपकतंय का. मग पंप बेंचवर चढवतात आणि प्रत्येक सिलिंडरचं डिझेल काचेच्या नळ्यांत मोजतात. नळ्यांची पातळी सारखी होईपर्यंत सोडत नाहीत. शेवटी टायमिंग. यात दिवस जातो, आणि गिऱ्हाईक मजुरीवरून भांडतं. पार्टचे पैसे लोक मुकाट देतात, मोजण्याचे द्यायला जिवावर येतं. मला याचा मनापासून राग येतो.

(ज्या भाच्यांना सीआरडीआय गाडीत मोठे इंजेक्टर टाकायचेत त्यांच्यासाठी: तिथे प्रत्येक इंजेक्टरचा स्वतःचा कोड कॉम्प्युटरला भरावा लागतो, नाहीतर तो जुन्याच इंजेक्टरच्या हिशोबाने झडप उघडत बसतो. शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहेच. असो.)

तर भावड्या, टोळी येण्याच्या आधी एक दिवस काढ. नुसती नोझल घेऊन येऊ नकोस, पंप आणि एअर फिल्टरही आण. चाचांना सांग की मे महिन्यात नांगरायचंय, त्या हिशोबाने लाव. मजुरी मी देतो.