दाजींचे पाय आणि तळ्याचं पाणी

गेल्या जानेवारीत मी ग्वाल्हेरला अक्काकडे पंधरा दिवस राहून आले. हरिशंकरपुरममध्ये तिचं घर आहे. आपल्या बेळगावात थंडी पडली की नवा स्वेटर घालून मिरवायला निमित्त मिळतं. तिथं सकाळी नऊ-दहापर्यंत धुक्यात समोरचं फाटक दिसत नाही आणि नळाचं पाणी बोटांना चावतं. सासूबाईंचा रोज फोन, ‘चळी हेंग ऐती?’ काय सांगणार! अंथरुणातून हात बाहेर काढूनच फोन घ्यावा लागे.

अशा थंडीत आमच्या दाजींना पाण्यात उतरून मासे धरायचे होते.

दाजी सदुसष्ट वर्षांचे. पणजोबा शिंदे सरकारच्या चाकरीत तिकडे गेले आणि तिकडचेच झाले. दाजींची मराठी अजून नीट आहे, पण राग आला की हिंदीत येतो. निवृत्तीनंतर त्यांना गळ टाकून बसायचा नाद लागला. झाशी रोडकडे मित्राचं शेत आहे, तिथल्या तळ्यात रोहू आणि कटला सोडलेत. काठाला पाणवेलींचा दाट पट्टा, त्यात दोरी अडकते. म्हणून गुडघाभर पाण्यात उतरून वेलींच्या पलीकडे गळ टाकायचा. मी म्हटलं, ‘दाजी, लांब काठी घ्या की.’ त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी पुढं बोललेच नाही.

पण अक्का बोलत होती, आणि तिच्या बोलण्याला कारण होतं. दाजींना बारा वर्षांपासून साखर आहे. आदल्या हिवाळ्यात ते अनवाणीच तळ्यात उतरले. घरी आल्यावर गारठलेले पाय शेगडीजवळ धरले. ऊब लागेना, म्हणून आणखी जवळ नेले. साखरेनं पायांच्या नसा बधिर झालेल्या, कातडी भाजली तरी त्यांना कळलं नाही. दुसऱ्या दिवशी मोज्यावर डाग दिसला तो अक्काला. जखम भरायला चार महिने लागले. डॉक्टरांनी तर पायाचं बोट जाईल की काय, इथपर्यंत भीती घातली होती. तेव्हा यंदा अक्काची अट अशी, की एकतर पाणी बंद, नाहीतर पायाला पाणी लागणार नाही असा पोशाख. दाजींनी दुसरं निवडलं. तो पोशाख निवडायला सोबत कोण? मी!

या पोशाखाला वेडर म्हणतात. पायातल्या बुटापासून छातीपर्यंत एकसंध, खांद्यावर पट्टे. लहान मुलाच्या डंगरीसारखं ध्यान दिसतं. सफाई आणि कारखान्याचं सामान विकणाऱ्या दुकानात पहिला मिळाला तो प्लॅस्टिकचा लेप दिलेल्या कापडाचा. स्वस्त होता. पण थंडीत हे कापड ताठ होतं आणि आतला घाम बाहेर जात नाही. तासाभरात पँट आतूनच ओली, आणि ओलं झालं की गारठा आलाच. पाणी अंगातली ऊब हवेपेक्षा साधारण पंचवीस पट वेगानं ओढून नेतं. त्यामुळं आतून भिजलात काय आणि बाहेरून भिजलात काय, पाय गारच.

दुसरी जात घामाची वाफ बाहेर सोडणाऱ्या पातळ कापडाची. हलकी, चालायला सोपी आणि महाग. ती पाणी अडवते, पण ऊब तिच्यात स्वतःची काहीच नसते. ऊब हवी तर आत लोकरीचे कपडे घालायचे. तिसरी निओप्रीनची. पाणबुडे घालतात तो बारीक बुडबुड्यांचा रबरी स्पंज. साडेतीन ते पाच मिलिमीटर जाडीचा असतो, बुडबुड्यांतली हवा अंगाची ऊब धरून ठेवते. चालताना जड होतो, उन्हात उकडतं. पण थंड पाण्यात एका जागी उभं राहायचं असेल तर तोच बरा. दाजी एका जागीच उभे राहणार होते, तेव्हा तोच ठरला. दुकानात तो नव्हता, भाच्यानं पुण्याहून मागवून पाठवला.

खरा वाद झाला तो बुटांवरून. काही वेडरना नुसते मोजे असतात आणि वरून लेसचे बूट घालायचे. काहींना गमबूट जोडलेलेच असतात. दाजींना लेसचे हवे होते, ‘पकड चांगली राहते’ म्हणून. ते खरंही आहे. पण आवळलेल्या बुटात रक्त नीट फिरत नाही, आणि जाड मोजे कोंबून घट्ट बूट घातला तर पाय उलट लवकर गारठतो. ज्याला बोटाला बूट लागलेला कळतच नाही, त्यानं लेस किती आवळली हे कशावरून ठरवायचं? जोडलेल्या बुटाचा, नेहमीपेक्षा एक नंबर मोठा घेतला. आत एकच लोकरीचा मोजा, सुती नाही; सुती मोजा एकदा ओला झाला की ओलाच राहतो. बुटात पाय घालण्याआधी हात घालून बघायचा, आत खडा नाही ना, शिवण टोचत नाही ना. हे अक्कानं त्यांच्याकडून रोज करून घेतलं.

बरगड्यांच्या खाली पट्टा मात्र हवाच. घसरून पडलं तर पट्ट्यानं आत पाणी शिरणं कमी होतं. वेडरमध्ये पाणी भरलं की माणूस दगडासारखा बुडतो असं सगळे सांगतात. तसं नाही, आतल्या पाण्याला बाहेरच्या पाण्यात वजन नसतं. ते जाणवतं काठावर चढताना, आणि तिथं म्हाताऱ्या माणसाला ओढायला दुसरं कोणी हवं. म्हणून एकट्यानं उतरायचं नाही.

तिघ्रा धरणावर दाजी गळ टाकत नाहीत. ते मला तिथं नुसतं बघायला घेऊन गेले. शहराला पाणी तिथून येतं. ‘तुमच्या विश्वेश्वरय्यांचे दरवाजे इथं बसवले होते,’ असं त्यांनी मला अशा थाटात सांगितलं, की जणू मीच म्हैसूरहून ते घेऊन आले होते. पाण्याच्या दाबानं आपोआप उघडणारे ते दरवाजे आधी 1903 मध्ये आपल्या पुण्याजवळ खडकवासल्याला बसले, पुढं इथं आणि कृष्णराजसागरला. 1917 मध्ये हे धरण फुटलं होतं, पुन्हा बांधलं. मगर दिसल्याच्या बातम्याही तिथून येतात, त्यामुळं वेडर असो नसो, त्या पाण्यात पाय घालायचा प्रश्नच नाही.

शेवटी तळ्यावर गेलो तो दुपारी बाराला. पहाटेचा हट्ट मित्रानंच मोडून काढला. रोहू-कटला गार पाण्यात सुस्तावतात, फारसं खात नाहीत. ऊन चढून वरचं पाणी जरा कोमट झालं की तोंड उघडतात. मग धुक्यात कुडकुडायचं कशाला? दाजी काठीनं तळ चाचपत उतरले. मी काठावर, आणि तेवढ्यात सासूबाईंचा फोन. मी म्हटलं, ‘दाजींच्या पायाखाली गाळ आहे, म्हणून जपून चाललेत.’ पलीकडं एकदम आरडाओरडा! कन्नडमध्ये गाळ म्हणजे मासे धरायचा गळ. साखरेच्या माणसाच्या पायात गळ घुसला, असं त्यांना वाटलं. चिखल, चिखल, म्हणून समजावेपर्यंत माझी पुरेवाट झाली. खरं तर त्या चिखलाचीच मला जास्त भीती होती. बूट रुतला आणि जोरानं उपसायला गेलं की तोल जातो. दाजींचा एकदा गेलाही, पण काठीवर सावरले.

अर्ध्या तासात त्यांना वर बोलावलं. एक हातभर रोहू मिळाला होता. घरी आल्यावर शेगडी बाजूच्या खोलीत, दाजी या खोलीत. कोरडे मोजे आणि पायांवर रजई, बस्स. अक्का चष्मा लावून, टॉर्च घेऊन तळवे, टाचा, बोटांच्या बेचक्या बघत बसली. इतक्यात पुन्हा फोन वाजला. ‘मीन सिक्तेनु?’

‘आता आधी पाय तपासतोय,’ मी म्हटलं, ‘मासा मग.’