किशनलाल आपल्याच रेल्वेचे होते

पालघर आणि बोईसर-तारापूरच्या हॉकीवेड्यांचा हा जाहीरनामा. संख्या विचाराल तर अकरा भरतात. राखीव खेळाडू अजून मिळालेले नाहीत.

परवा डहाणू लोकलमध्ये आम्ही डबाभर विचारत फिरलो, ‘किशनलाल कोण?’ एकाने विचारलं, ‘फरसाणवाले?’ एका पोराने ‘गोल्ड’ चित्रपट पाहिला होता. पण त्यात खेळाडूंची नावं बदललेली, त्यामुळे त्याला अक्षयकुमार ठाऊक. १२ ऑगस्ट १९४८ रोजी वेम्बलीवर ब्रिटनला ४-० हरवून स्वतंत्र भारताचं पहिलं ऑलिंपिक सुवर्ण आणणाऱ्या संघाचे किशनलाल कर्णधार. आणि नोकरीला कुठे? बीबीसीआय रेल्वेत. म्हणजे आजची पश्चिम रेल्वे, जिच्या दारात आपण रोज लोंबकळतो ती. त्या संघात मुंबईकडून खेळणारे लिओ पिंटो, मॅक्सी वाझ, लॉरी फर्नांडिसही होते. त्यांची नावं विचारायची आमची हिंमतच झाली नाही.

आजोबांची हॉकी ध्यानचंदांपाशी सुरू होते आणि तिथंच संपते. वडिलांची १५ मार्च १९७५ ला: क्वालालंपूर, विश्वचषक, पाकिस्तानवर २-१, अशोककुमारचा गोल, कानाला रेडिओ. आमची खडकीच्या धनराज पिल्लेपाशी. पोरांची सुरू होते टोकियो ऑलिंपिकमध्ये गोलपोस्टवर चढून बसलेल्या गोलरक्षक श्रीजेशपासून. चौघं एका घरात जेवतात, पण एकाचा देव दुसऱ्याच्या देव्हाऱ्यात नाही.

काळाचा महिमा, असं म्हणून हात झटकणं आम्हाला मान्य नाही. चूक आपली आहे. आपण खेळ सांगितला नाही, दंतकथा सांगितल्या. ध्यानचंदांची स्टिक मोडून आत लोहचुंबक आहे का ते पाहिलं, हिटलरने नोकरी देऊ केली, हे ऐकून ऐकून पाठ झालंय. पण ते चेंडूचं नेमकं काय करायचे, ते विचारा, सगळे गप्प. त्यात १९७६ च्या माँट्रियलपासून ऑलिंपिकची हॉकी कृत्रिम मैदानावर गेली, आपण सातवे आलो, आणि गवतावरचं ते कसब पोरांना परग्रहावरचं वाटू लागलं.

आमच्यातला एक जण अणुऊर्जा वसाहतीतल्या एका निवृत्त आजोबांना भेटायला गेला, तिथून या सगळ्याची सुरुवात. माळ्यावरून तुतीच्या लाकडाची स्टिक निघाली. मुठीवरची पट्टी सुटून लोंबत होती. सोबत गेलेल्या पोराने ती उलटीपालटी करून पाहिली आणि विचारलं, ‘एकच बाजू सपाट का?’ आजोबांचा गुडघा वाकत नाही. तरी ते व्हरांड्यात उभे राहिले, टेनिसचा चेंडू मागितला. टक-टक. चेंडू उजवीकडून डावीकडे ओढला, पोरगं तिकडेच झुकलं, तेवढ्यात मनगट वळलं, स्टिक पालथी झाली आणि चेंडू पोराच्या डाव्या पायाजवळून पार. ‘हे बाबूचं,’ आजोबा म्हणाले. बाबू म्हणजे के. डी. सिंग, किशनलाल यांच्याच संघातले. आजोबांनी त्यांना खेळताना पाहिलं नव्हतं. ज्याने पाहिलं होतं, त्याच्याकडून ते शिकले होते. पोराने तो डाव पुन्हा पुन्हा करायला लावला, शेवटी आजी ओरडल्या.

तर आमचं काम हे. वह्या भरायच्या. कुणी कुणाला कुठे खेळताना पाहिलं, चेंडू कसा नेला, ते लिहायचं. ऐकीव असेल तर शेजारी ‘ऐकीव’ लिहायचं. हिटलरच्या गोष्टीशेजारीही तेच. पुतळा नको, चौकाला नावही नको. रिक्षावाला चौकाचं नाव घेत नाही, नुसतं ‘नाका’ म्हणतो.

मुलींसाठी वेगळी वही नाही, त्याच वहीत, आणि आधी. १९८० ला मॉस्कोत ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदा महिला हॉकी झाली. भारत चौथा आला. एलायझा नेल्सन, रेखा मुंडफन त्या संघात होत्या. टोकियोत मुली चौथ्या आल्या तेव्हा आम्हीही ‘इतिहास घडला’ म्हणून पेढे वाटले. मॉस्को आठवलं नाही, याची आम्हाला अजून लाज वाटते.

चळवळीला नाव ठेवलेलं नाही. कुणा एकाचं दिलं, तर बाकीचे पुसले जातील, यावरून दोन बैठका भांडणात गेल्या.

पहिली सभा १२ ऑगस्टला, संध्याकाळची लोकल आल्यावर, पालघर स्टेशनबाहेर पश्चिमेला. फलाटावर नको, टीसी तिकीट विचारेल. तिघे आले तरी सुरू करू. १९२८ ला अ‍ॅमस्टरडॅमला निघालेल्या संघाला मुंबई बंदरात निरोप द्यायलाही तिघेच होते. घरात जुनी स्टिक असेल तर आणा. नसेल तर टेनिसचा चेंडू आणा, आमचा फाटलाय.