होडी किती जवळ न्यावी?

पुण्याच्या एका वाचक भगिनींचे पत्र या महिन्यात आमच्यापुढे आहे. घरात लहानथोर मिळून अकरा माणसे. धाकट्या दिरांनी लांब नळीचा नवा कॅमेरा आणला आहे. आणि ठाण्याच्या खाडीतील रोहित पक्षी पाहण्यास सर्वांनी मिळून जावे, असे घरात घाटत आहे. हरकत आहे ती एकट्या सासूबाईंची. ‘जे पाखरू आपल्या अंगणात येत नाही, त्याच्या दारात आपण गर्दी करून का जावे?’ असे त्या विचारतात. भगिनींनी या वादात आमचा कौल मागितला आहे. कौल ‘अवश्य जावे’ असाच आहे. पण सासूबाईंचा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नव्हे, आणि पुढील मजकुरात आम्ही बहुतांशी त्यांचीच बाजू मांडणार आहोत.

मुंबई आणि नवी मुंबई यांच्यामध्ये पसरलेली ही खाडी, वाशीच्या पुलावरून आगगाडीने जाणाऱ्यास चिखल आणि तिवरांचे रान यांपलीकडे काही दाखवीत नाही. याच चिखलावर गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकापासून हजारो रोहित येऊन राहू लागले. साधारणतः नोव्हेंबरपासून मेअखेरपर्यंत त्यांचा मुक्काम असतो. २०१५ साली शासनाने खाडीचा सुमारे १७ चौरस किलोमीटरांचा भाग अभयारण्य म्हणून जाहीर केला, आणि २०२२ साली रामसर कराराखालील जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत तिचे नाव गेले. रोहितांत दोन जाती आहेत. थोरला उंच व फिकट, गुलाबी चोचीच्या टोकाला काळा; धाकटा ठेंगणा, रंगाने अधिक गडद आणि काळसर तांबड्या चोचीचा. खाडीत भरणा धाकट्याचा फार. मान वाकवून चोच उलटी पाण्यात बुडवायची, पाणी आत ओढायचे, चोचीच्या कडांच्या बारीक फणीतून ते गाळून बाहेर टाकायचे आणि मागे राहिलेले सूक्ष्म शेवाळ तेवढे गिळायचे, असा त्याच्या जेवणाचा प्रकार आहे. पिसांचा रंग येतो तोही या अन्नातूनच. मुलांना हे आधी सांगून ठेवावे. म्हणजे ‘तो उलटा का झाला?’ या प्रश्नाने होडी दुमदुमणार नाही.

आता वेळेविषयी. ओहोटीने चिखल उघडा पडला की पक्षी जेवावयास असतात, पण होडी चालत नाही. भरतीने पाणी काठोकाठ आले की होडी सुखाने चालते, पण बहुतेक पक्षी खाडी सोडून आसपासच्या तळ्यांवर विसाव्यास गेलेले असतात. या दोहोंच्या मधला, चढत्या अथवा उतरत्या पाण्याचा जो थोडा काळ, तोच काय तो सहलीचा. आमच्या कोळी बांधवांजवळ याचा फार सोपा हिशेब आहे. तिथीचा आकडा घ्यावा, त्याची पाऊणपट करावी, येईल तितक्या वाजता भरती. चतुर्थीस तीन, अष्टमीस सहा, द्वादशीस नऊ. एरवी संकष्टी-एकादशीपुरते उघडले जाणारे घरातील पंचांग येथे असे कामास येते. त्रयोदशीपासून पौर्णिमा-अमावास्येपर्यंतच्या दिवसांत सकाळी लवकर चढत्या पाण्याबरोबर निघता येते. अष्टमीच्या सुमारास मात्र दुपार कलल्यावरच जावे. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला पाणी झपाट्याने व पुष्कळ चढते, अष्टमीच्या भांगाला बेताने. हिशेब ढोबळ आहे, आणि बंदराच्या मानाने खाडीच्या आतल्या टोकाला भरती काहीशी उशिरा पोहोचते. म्हणून तिकीट काढण्यापूर्वी छापील वेळापत्रकाशी तो ताडून पाहावाच.

हाच हिशेब आता पक्ष्याच्या बाजूने मांडून पाहावा. आपल्यास सहलीचे जसे थोडे तास, तसेच त्यास या चिखलावर जेवणाचे थोडे तास. त्यांतून तो उडाला की जेवण थांबलेच, शिवाय साठवलेली शक्तीही खर्ची पडली. रोहित काही चिमणीसारखा भुर्रकन उडत नाही. लांब पायांनी पाण्यावर काही पावले धावून मगच तो हवेत उठतो. होडी जवळ येऊ लागली की प्रथम काही माना वर होतात. मग खाणे थांबते. मग सारा थवा एका दिशेने चालू लागतो. आणि त्यानंतर धाव व उड्डाण. माना वर झाल्या तेथेच यंत्र बंद करावे, हे खाडीतील शहाणपण आहे. थवा चालू लागला म्हणजे आपण मर्यादा ओलांडली असे समजावे.

या बाबतीत आम्ही पाहिलेल्या दोन फेऱ्यांची हकीकत सांगतो. पहिलीत होडीत बावीस माणसे. पक्षी शंभर हातांवर शांतपणे चरत होते. पण मंडळींस उडत्या थव्याचे छायाचित्र हवे होते. कोणी नावाड्याच्या हातावर वरचे पैसे ठेवले, आणि होडी सरळ थव्यावर घातली गेली. गुलाबी ढग उठला, टाळ्या पडल्या, पुढचा अर्धा तास त्या चिखलावर एक पक्षी नव्हता. बरोबरचा वाटाड्या तरुण व जाणता होता. त्याचे तोंड उतरलेले आम्हास दिसले, पण तो बोलला नाही. बोलता तर उरलेली एकवीस माणसे त्याच्याविरुद्ध तक्रार करती, आणि पुढच्या रविवारी त्याच्या जागी दुसरा कोणी उभा असता. त्याला दोष देण्यास आमची जीभ रेटत नाही.

दुसरी फेरी भांडुपच्या बाजूने एका कोळी नावाड्याच्या लहान होडीतून. माणसे सहा. त्याने थव्यापासून पुष्कळ अलीकडे यंत्र बंद केले आणि होडी पाण्याच्या ओढीवर सोडून दिली. एकाने ‘थोडे पुढे घ्या की, दादा’ म्हटले, तेव्हा ‘थांबा, पाणीच त्यांना इकडे आणील’ एवढेच उत्तर मिळाले. आणि खरोखर तसेच झाले. चढत्या पाण्याने चिखल व्यापत आणला, तसे पक्षी चरत चरत काठाच्या तिवरांकडे, म्हणजे आमच्याच दिशेने, सरकू लागले. त्यांच्या घोगऱ्या कुजबुजीसारखा आवाज कानी पडे इतके ते जवळ आले. दरम्यान तिवरांच्या श्वासमुळांमधून धावणारे चिखले व तुतवार, फांदीवरचा खंड्या आणि माथ्यावर घिरट्या घालणारी तांबूस अंगाची, शुभ्र मस्तकाची ब्राह्मणी घार, इतकी मंडळी पाहून झाली. (नाव ब्राह्मणी असले तरी त्या बाईंचा आहार उघड उघड मत्स्याहार आहे, हे होडीतील एका आजीबाईंनी थोड्या नाराजीने टिपून घेतले.)

दोन फेऱ्यांतील फरक निव्वळ नावाड्याच्या स्वभावाचा नव्हे. बावीस जणांत दरडोई शुल्क कमी पडते. पण बावीस जणांचा गलका आवरत नाही, प्रत्येकास पुढची जागा हवी असते, आणि नफा गर्दीवर ठरतो. सहा जणांत शुल्क अधिक, पण नावाड्यास व वाटाड्यास ‘येथून पुढे नाही’ असे म्हणण्याची सोय राहते. म्हणून सहल ठरविताना चालकास एकच प्रश्न आधी विचारावा: होडी किती अंतरावर थांबविता, आणि ते कोण ठरवितो? ‘तुम्ही म्हणाल तितके जवळ नेऊ’ असे उत्तर आले तर तेथे पैसे भरू नयेत. ऐरोलीस वनखात्याच्या कांदळवन कक्षाचे केंद्र २०१७ पासून आहे. तेथे मोठ्या होड्याही असतात, आणि आरंभी प्रदर्शन पाहून मुलांची पूर्वतयारी चांगली होते. अकरा माणसांनी मात्र एका लहान होडीत कोंबून घेऊ नये. दोन तुकड्या कराव्यात, दोन दिवशी जावे. पहिलीत सासूबाई असाव्यात. होडीवर शौचालयाची सोय बहुधा नसते, तेव्हा वडील मंडळींनी किनाऱ्यावरच सवड काढावी. कपडे मातकट वा हिरवट रंगाचे असावेत. लग्नाच्या पंगतीतील जरीकाठ येथे शोभत नाहीत.

धाकट्या भाऊजींसाठी चार शब्द. हलत्या होडीत तिकाटणे निरुपयोगी होय. तांदूळ भरलेली कापडी पिशवी होडीच्या काठावर ठेवून तीवर नळी टेकवावी. सूर्य पाठीशी घ्यावा, शक्य तितके खाली बसावे, म्हणजे चित्रात पक्षी समोरासमोर येतो. उडत्या पक्ष्यास सेकंदाच्या हजाराव्या भागाहून अधिक वेळ देऊ नये. पक्षी आपण होऊन उडतातच. त्याची वाट पाहावी. उडते यंत्र नेऊ नये, घरट्याच्या जवळ जाऊ नये, आणि मोबाईलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्यास बोलावू नये. प्रतिस्पर्धी आला असे समजून तो आपले काम टाकून धावत येतो, आणि कॅमेऱ्याच्या हौसेपायी त्याची विनाकारण दमछाक होते.

सासूबाईंच्या म्हणण्यास सर्वांत चांगले उत्तर आमच्या मते रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास गावाने दिले आहे. नाना फडणविसांचे हे मूळ गाव. येथे ऑलिव्ह रिडले जातीची कासविणी वाळूत अंडी घालते. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ पासून ग्रामस्थांस बरोबर घेऊन ती अंडी राखली, आणि २००६ पासून कासव महोत्सव सुरू झाला. पाहुणे गावकऱ्यांच्या घरी उतरतात, त्यांच्याच पंगतीस जेवतात. पिले समुद्राकडे निघाली की सर्वांनी दोरीमागे उभे राहावयाचे. तेथे दोरी गावाची आहे, म्हणून ती ओलांडण्याचे धैर्य पैसेवाल्या पाहुण्यासही सहसा होत नाही. खाडीत दोरी बांधता येत नाही. तेथे नावाड्याचा शब्द हीच दोरी.

गोव्यास जाणाऱ्यांनी मांडवीतील चोडण बेटावरचे डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य पाहावे. क्षेत्र पावणेदोन चौरस किलोमीटरांच्या थोडे वर, स्थापना १९८८ ची. रायबंदरच्या धक्क्यावरून फेरीबोटीने नदी ओलांडावी आणि कांदळवनातील अरुंद पाण्यातून लहान होडीने फिरावे. येथे रोहितांसारखे मोठाले थवे शोधू नयेत. निळसर हिरव्या पाठीचा, पांढऱ्या गळपट्ट्याचा खंड्या एखाद्या झुकत्या फांदीवर बसलेला दिसला तर सकाळ सार्थकी लागली समजावे. त्याला पाहावयाचे तर होडी थांबल्यानंतर दहा मिनिटे तरी कोणी बोलू नये. मुलांना हे जमते. त्यांच्या वडिलांना प्रयत्नाने.